वर्ध्याचे खानखोजे आणि आमचा स्पॅनिशचा तास

मागच्या सेमिस्टरला आमच्या गर्ल्स हॉस्टेलच्या कॉमन रूममधून संध्याकाळी सहा ते सात एक वेगळाच आवाज यायचा. पंधरा-सोळा मुली एका सुरात "सोय, एरेस, एस..." म्हणत बसलेल्या. मेसच्या मावशींना बरेच दिवस वाटत होतं की परीक्षा जवळ आली म्हणून पोरी कसलं तरी स्तोत्र म्हणून राहिल्या! खरं तर तो आमचा स्पॅनिशचा तास होता. मॅडम नागपूरहून ऑनलाईन शिकवायच्या आणि आम्ही एका लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसायचो.

स्पॅनिश का घेतली, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. रेझ्युमेवर बरं दिसतं म्हणून. उगाच मोठं कारण सांगत नाही.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. मी कॉन्व्हेंटची. बारावीपर्यंत सगळं इंग्रजीत, मराठी म्हणजे एक पेपर, पास झाला की विसरून जायचा. त्यामुळे मी ऐटीत 'टोमॅटो'सारखा 'ट' लावून वाचायला सुरुवात केली, तर मॅडम म्हणाल्या की स्पॅनिशमध्ये आपल्या मराठीसारखा 'त' आणि 'द' म्हणायचा, दातांना जीभ लावून. तोमाते! आमच्या वर्गातली देवरीच्या आश्रमशाळेत शिकलेली मैत्रीण पहिल्याच फटक्यात बरोबर बोलली आणि मी महिनाभर 'ट' पुसत बसले. पुढे कळलं की 'तू' आणि 'तुम्ही' त्यांच्याकडेही आहे, लिंगाप्रमाणे विशेषण बदलतं, टेबलसुद्धा स्त्रीलिंगी असतं. इंग्रजीतून आलेल्या माणसाला हे सगळं पाठ करावं लागतं, मराठी नीट येणाऱ्याला त्याचं काही विशेष वाटत नाही. म्हणजे माझी अडचण मराठीची होती, स्पॅनिशची नव्हती.

शेवटच्या महिन्यात मॅडमनी प्रत्येकीला स्पॅनिशभाषक जगाशी संबंध असलेल्या एका व्यक्तीवर पाच मिनिटं बोलायला सांगितलं. मेस्सी रोल नंबर दोनलाच संपला. शकिरा, नदाल, फ्रिडा काहलो पाठोपाठ गेल्या. माझा नंबर येईपर्यंत कुणी उरलंच नाही. लायब्ररीतल्या सरांपाशी रडगाणं गायले तर त्यांनी मराठी कपाटातून एक चरित्र काढून हातात ठेवलं, वीणा गवाणकरांनी लिहिलेलं. 'एक होता कार्व्हर' लिहिणाऱ्या त्याच. पुस्तक होतं डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्यावर. नाव मी कधी ऐकलं नव्हतं. सर म्हणाले, अगं, आपल्या वर्ध्याचा माणूस आहे!

वर्धा म्हटलं की आपल्याला सेवाग्राम आठवतं. विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जाताना नागपूरनंतर वर्धा येतं, आम्ही तिथे चहा घेतो आणि पुढे जातो. त्या वर्ध्यात ७ नोव्हेंबर १८८४ रोजी खानखोजे जन्मले. शाळा वर्ध्यात, पुढचं शिक्षण नागपूरला. लोकमान्य टिळकांचा काळ होता आणि ते टिळकांनी भारावलेल्या पिढीतले. इंग्रजांना घालवायचं तर लढाईचं शिक्षण हवं, आणि ते इथे मिळणार नाही, असं या मुलाच्या डोक्यात पक्कं बसलं. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ते देश सोडून निघाले. आधी जपान, मग अमेरिका. वय साधारण आपल्याएवढंच, फार तर दोन-तीन वर्षं जास्त. आमच्यातल्या निम्म्या मुलींना पुण्याला इंटर्नशिप लागली तर घरून परवानगी मिळताना मारामार होते, म्हणून सांगितलं.

अमेरिकेत त्यांनी दोन गोष्टी एकदम शिकायला घेतल्या. कॅलिफोर्नियातल्या टमाल्पाईस इथल्या मिलिटरी अकादमीत लष्करी शिक्षण, आणि ओरेगन व वॉशिंग्टन राज्यांतल्या शेती कॉलेजांमध्ये शेतीशास्त्र. पैसे नव्हते, मजुरी करून शिकले. ओरेगनच्या लाकूडगिरण्यांत तेव्हा पंजाबी मजूर काम करायचे. सोहनसिंग भकना हे त्यांच्यातलेच. अशा लोकांमधून १९१३ मध्ये गदर पार्टी उभी राहिली आणि खानखोजे तिच्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक होते. लष्करी तयारीची बाजू त्यांच्याकडे होती.

इथे आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांसाठी एक नाव सांगायलाच पाहिजे. गदरमध्ये आणखी एक मराठी मुलगा होता, पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे. तो अमेरिकेत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला होता. सैन्यात उठाव करण्यासाठी परत आला, मेरठला बॉम्बसकट पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फासावर गेला. त्याच दिवशी करतारसिंग सराभाही गेला, वय १९. मी हे पान रात्री दोन वाजता वाचलं आणि लाईट बंद केला, पण झोप काही आली नाही.

खानखोजे तेव्हा हिंदुस्थानात नव्हते. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ते तुर्कस्तानमार्गे इराणात पोचले होते. तिथल्या टोळ्यांना सोबत घेऊन इंग्रजांशी लढायचं आणि बलुचिस्तानच्या बाजूने देशात शिरायचं, असा बेत होता. बेत फसला. ते जखमी झाले, पकडले गेले, निसटले, वेश बदलून फिरले. हा भाग एखाद्या सिनेमासारखा आहे, पण मी तो भराभर सांगून टाकते, कारण मला जे सांगायचं आहे ते यानंतर सुरू होतं. युद्ध संपलं, जर्मनी हरली, गदरचे लोक पांगले. खानखोजे बर्लिनला राहिले, १९२१ मध्ये काही हिंदी क्रांतिकारकांबरोबर मॉस्कोलाही जाऊन आले. हाती काही लागलं नाही. घरी परतायचं तर इंग्रज तुरुंगात टाकणार. वय चाळिशीकडे झुकलेलं. जवळ काय होतं? एक हरलेली लढाई आणि एक शेतीची डिग्री.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत उतरले.

मेक्सिकोच का? कॅलिफोर्नियात असतानाच त्यांच्या मेक्सिकन क्रांतिकारकांशी ओळखी झाल्या होत्या. मेक्सिकोत १९१० मध्ये क्रांती सुरू झाली होती, ती मुख्यतः जमिनीसाठी. थोड्या घराण्यांकडे प्रचंड जमिनी आणि बाकी सगळे त्यांच्या शेतावर राबणारे. १९१७ च्या राज्यघटनेने जमीनवाटपाचा रस्ता मोकळा केला. शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झापाता १९१९ मध्ये मारला गेला, पण जमिनी हळूहळू गावांना मिळू लागल्या. आता जमीन मिळाली म्हणजे पीक आलं असं होत नाही, हे गोंदिया जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. बियाणं कुठलं, खत कुठलं, कीड लागली तर काय करायचं... शिकवणारा माणूस पाहिजे.

तो माणूस खानखोजे झाले. मेक्सिको शहराजवळ तेस्कोको भागात चापिंगो नावाची जुनी जहागीर होती. तिच्यात राष्ट्रीय शेती महाविद्यालय नुकतंच हलवलं होतं. जमीन कसायला शिकवा, माणसाला पिळायला नको, अशा अर्थाचं त्या कॉलेजचं ब्रीद आहे. तिथे खानखोजे प्राध्यापक झाले. आणि तिथे शिकवायची भाषा होती स्पॅनिश.

विचार करा, चाळिशीचा माणूस. मराठी मातृभाषा, मग इंग्रजी, गदरमध्ये पंजाबी-उर्दू माणसांत राहिलेला, इराणात फारसी, बर्लिनमध्ये जर्मन कानावर. त्याने पुन्हा नवी भाषा घ्यायची, आणि ती हॉटेलात जेवण मागण्यापुरती नाही. वर्गात उभं राहून वनस्पतिशास्त्र शिकवण्याएवढी, शेताच्या बांधावर अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसाशी बोलण्याएवढी! पुढे त्यांनी पुस्तकंही स्पॅनिशमध्येच लिहिली. १९३० मध्ये मक्याच्या नव्या वाणांवरचं त्यांचं पुस्तक निघालं.

हे वाचताना मला आमच्या आजोबांची मोटर आठवली आणि माझं वाचन तिथेच अडलं. सांगते.

आमचं गाव आमगाव तालुक्यात. आजोबांची धानाची शेती, बोडीवर थ्री फेजची मोटर. मागच्या दिवाळीत मी घरी गेले तेव्हा ती मोटर जळाली होती, वर्षात दुसऱ्यांदा. आजोबांनी मोठ्या आशेने मला विचारलं की तू इलेक्ट्रिकलचीच ना, एक फेज गेली की मोटर का जळते, सांग बरं. मला उत्तर येत होतं! एक फेज तुटली की उरलेल्या दोघांतला करंट साधारण १.७३ पट होतो, वाइंडिंग तापतं, इन्सुलेशन जातं. व्हायव्हामध्ये मी हे घडाघडा बोलले होते. पण आजोबा बोलतात झाडीबोली. मी तोंड उघडलं आणि 'अनबॅलन्स्ड' शब्दाच्या पुढे जाऊच शकले नाही. मराठीत 'असंतुलित' म्हणू की काय म्हणू, तेच कळेना. आजोबा मान हलवत राहिले, मला वाईट वाटू नये म्हणून. मग मोटर बांधणारा मिस्त्री आला, दहावी नापास, त्याने दोन वाक्यांत सांगून टाकलं. घरात कुणी मला काही बोललं नाही, पण मी त्या रात्री जेवले नाही नीट.

तर खानखोजे. दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या आजोबांना ते मका शिकवत होते. आणि मका मेक्सिकोच्या माणसाला शिकवायचा म्हणजे काय थट्टा आहे? मक्याचं मूळच तिकडचं. तेओसिन्ते नावाचं एक रानगवत आहे, त्याच्यापासून हजारो वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी मका घडवला. ते मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग वाटून त्याच्या पातळ भाकऱ्या करतात, तोर्तिया. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. (आपल्याकडे चुन्याचा उपयोग कशात होतो ते बॉईज हॉस्टेलच्या मागच्या भिंतीला विचारा.) अशा लोकांपुढे खानखोजे गेले ते त्यांचाच मका घेऊन. रानटी तेओसिन्ते आणि मका यांचे संकर केले, जास्त कणसं देणारी वाणं शोधली. एका ताटाला गुच्छासारखी अनेक कणसं येणाऱ्या वाणावर त्यांनी खूप काम केलं, त्याला नाव दिलं 'माइस ग्रानादा'. ग्रानादा म्हणजे डाळिंब. गव्हावरही त्यांचं काम झालं.

कॉलेजात शिकवून त्यांचं समाधान होत नव्हतं. जे शेतकरी कॉलेजपर्यंत येऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी त्यांनी गावांमध्ये मोफत शेतीशाळा काढल्या. या शाळांच्या कामात प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा त्यांच्यासोबत होता, फ्रिडा काहलोचा नवरा. तीना मोदोत्ती या फोटोग्राफर बाईने त्यांच्या मक्याचे फोटो काढले. रिवेराने तर त्यांना भिंतीवरच बसवलं. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत त्याची १९२८ चं एक भित्तिचित्र आहे, 'एल पान नुएस्त्रो', म्हणजे आमची भाकरी. टेबलाभोवती माणसं बसली आहेत आणि मधोमध एक जण भाकरी वाटतो आहे. तो भाकरी वाटणारा म्हणजे आपले खानखोजे! आणि 'पान' म्हणजे पाव, हे ऐकून मॅडमच्या तासाला आम्ही सगळ्या हसलो होतो. आपला 'पाव' पोर्तुगीजांकडून आला आणि पोर्तुगीज-स्पॅनिश सख्ख्या बहिणी. 'पगार'सुद्धा तसाच आहे. पगार म्हणजे स्पॅनिशमध्येही पैसे देणे.

मिरची, मका, टोमॅटो, चिकू ही सगळी मेक्सिकोकडून आलेली मंडळी आहेत. दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडूदेखील. तिकडे नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला मृतांचा सण असतो. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी त्यांच्या आवडीचं जेवण मांडतात आणि वाटेवर झेंडूच्या पाकळ्या टाकतात, म्हणजे त्यांना घर सापडावं. खानखोजेंनी हे किती वर्षं पाहिलं असेल! आपले पितृपक्ष आणि वर्ध्याचं घर त्यांना तेव्हा आठवलं असेल असं मला वाटतं. पुस्तकात हे नाही, माझी कल्पना आहे.

कारण घरी त्यांना जाताच येत नव्हतं. चाळीसहून अधिक वर्षं त्यांना उघडपणे मायदेशी पाऊल टाकता आलं नाही. १९३६ मध्ये त्यांनी मेक्सिकोतच झान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, मेक्सिकोत वाढल्या, त्यांची नावं ठेवली सावित्री आणि माया. थोरल्या सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं.

स्पॅनिशमध्ये 'असणे' यासाठी दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तुम्ही मूळचे कुठले हे सांगताना 'सेर' लागतं, आत्ता कुठे आहात हे सांगताना 'एस्तार'. मॅडमनी किती उदाहरणं दिली तरी माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मग मी वहीत लिहिलं: सोय दे वर्धा, एस्तोय एन मेहिको. मी वर्ध्याचा आहे, मी मेक्सिकोत आहे. त्यानंतर माझं कधी चुकलं नाही. (आणि 'सोय' म्हणजे 'मी आहे', हे कळल्यापासून हॉस्टेलमध्ये पाण्याची सोय, जेवणाची सोय यावर किती विनोद झाले ते लिहीत नाही, वॉर्डन मॅडमही हे पान वाचतात.)

स्वातंत्र्यानंतर त्यांची परतीची वाट मोकळी झाली. पन्नाशीच्या दशकात ते कुटुंबासह नागपूरला येऊन राहिले. पण ज्या देशासाठी बाहेर पडले तो देश त्यांना विसरून गेला होता. क्रांतिकारकांच्या यादीत त्यांचं नाव क्वचित, शास्त्रज्ञांच्या यादीत तर नाहीच. मेक्सिकोत ज्यांना पुस्तकं, विद्यार्थी, भिंतीवरचं चित्र मिळालं, ते नागपुरात एक वयस्कर गृहस्थ होते एवढंच. याचा मला राग येतो.

आणि एक योगायोग. १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत आले आणि त्यांनी चापिंगोच्याच परिसरात गव्हावर काम केलं. त्या कामातून निघालेल्या बुटक्या मेक्सिकन गव्हाचं १८,००० टन बियाणं १९६६ मध्ये जहाजाने भारतात आलं. हरितक्रांती म्हणून आपण शाळेत शिकतो ती हीच. तो गहू खानखोजेंचा नव्हता, उगाच श्रेय चिकटवत नाही. पण ज्या मातीत त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ बियाणं निवडलं त्या बाजूचा गहू त्यांच्या देशात आला तेव्हा ते नागपुरात होते, ऐंशी ओलांडलेले. २२ जानेवारी १९६७ रोजी ते गेले. चापिंगोत त्यांचा पुतळा बसला तो २०२२ मध्ये, आपल्या लोकसभा अध्यक्षांच्या हस्ते अनावरण झालं. वर्ध्याच्या स्टेशनवर उतरून मी दोन-चार जणांना त्यांच्याबद्दल विचारलं, कुणाला सांगता आलं नाही.

माझी पाच मिनिटं कशी झाली? बारा वाक्यं तयार केली होती, नऊ बोलले. त्यांचं आडनाव स्पॅनिश नियमाने वाचलं तर 'कानकोहे' असं काहीतरी होतं, कारण तिकडे 'जे'चा उच्चार 'ह'कडे जातो. मॅडम विदर्भातल्याच, त्यांनाही खानखोजे माहीत नव्हते. तास संपल्यावर त्यांनी पुस्तकाचं नाव लिहून घेतलं.

उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा मी तयारी करून गेले होते. आजोबा बोडीच्या पाळीवर बसले होते. मी सांगितलं की तीन माणसांनी धानाचं पोतं उचललं आहे, चालता चालता एकाने हात सोडला, पोतं तर तेवढंच आहे, मग बाकी दोघांच्या कमरेचं काय होईल? मोटरचं तेच होतं. जमेल तेवढं त्यांच्याच बोलीत बोलले, 'ण'चा 'न' करून. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे तर त्यांना मिस्त्रीने दिवाळीतच सांगितलं होतं. आता प्रिव्हेंटर कोणता घ्यायचा आणि तो गोंदियात केवढ्याला मिळतो, ते सांग.

मी अजून चौकशी करते आहे.